यंत्राला शिकवलेली बोली

आमच्या दैनिकाची जिल्हा आवृत्ती बंद झाली तेव्हा मुद्रितशोधनात माझी बावीस वर्षं गेली होती. लाल पेन, वेलांट्या, ‘न’चे ‘ण’ आणि ‘ण’चे ‘न’ एवढंच मला येत होतं. घरी बसून काही महिने काढले. मग एका ओळखीच्या प्रेसवाल्यांनी सांगितलं, की संगमनेरात बसस्टँडजवळ मोबाईलच्या दुकानावर एक ऑफिस आहे, तिथे मराठी चांगलं येणारं माणूस हवंय.

गेले. चपला बाहेर काढायला लावणारं ऑफिस. आत एसी, भिंतीवर मोठे स्क्रीन आणि खुर्च्या मात्र तीनच. मालक तिशीतला, पुण्यात नोकरी करून परत आलेला, बोलायला अतिशय नम्र. पहिल्याच वाक्यात मला काकू म्हणाला.

“काकू, आपले एजंट चोवीस तास फिरत असतात. ते जे आणतील ते तुम्ही फक्त तपासायचं.”

मी इकडेतिकडे पाहिलं. आमच्याकडे एजंट म्हटलं की विम्याचा, नाहीतर लायसन काढून देणारा. “कुठे बसतात ते?” मी विचारलं.

तो हसला, पण हिणवून नाही. स्क्रीनकडे बोट करून त्याने मला सगळं समजावलं. हे एजंट म्हणजे माणसं नव्हती. संगणकातले प्रोग्रॅम होते, स्वतःहून काम करणारे. ऑफिसची गिऱ्हाइकं म्हणजे एक खाजगी दूध कंपनी, दोन क्लासवाले, एक दवाखाना आणि पुढच्या वेळी उभे राहणार असलेले एक साहेब. या सगळ्यांबद्दल समाजमाध्यमांवर कोण काय लिहितंय, कोणत्या रीलखाली काय कॉमेंट आली, कशाची हवा तयार होतेय, हे एजंट दिवसरात्र वाचायचे. चांगलं असेल त्याला हिरवा रंग, वाईटाला लाल, अधल्यामधल्याला पिवळा. सकाळी दहाला त्याचा अहवाल तयार.

अडचण एकच होती. यंत्राला येत होतं ते पुस्तकातलं मराठी. एखाद्या शेतकऱ्याने लिहिलं, “लई उपकार झाले बाबा तुमचे,” की यंत्राने त्याला हिरवं केलंच. “वा रं पठ्ठ्यांनो, दूध नेलं आन पानी परत दिलं,” हेही हिरवं, कारण त्यात ‘वा’ होतं. एकाने चिडून लिहिलं होतं, “आमी काय मेल्तो का इतके दिस?” त्याची नोंद यंत्राने ‘मृत्यूची बातमी’ अशी केली होती.

“आपल्या भागातले लोक टोमण्यात बोलतात,” मालक म्हणाला. “ते याला कळत नाही. तुम्ही शिकवा.”

खरं सांगायचं तर मला हे काम आवडलं. माझा जन्म श्रीगोंदा तालुक्यातल्या खेड्यातला. आईची बोली मी नोकरीला लागले तेव्हा उंबऱ्याबाहेर ठेवून आले होते. बावीस वर्षं मी लोकांचं ‘पानी’ खोडून ‘पाणी’ केलं. आणि आता हा मुलगा म्हणत होता, तेच ‘पानी’ हवंय, तसंच हवंय, कुणी कधी कसं म्हणतं तेही हवंय. मी दोनशे पानी वही आणली. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, खाली दोन-दोन वाक्यं. ‘बरं झालं बाई’ हे आनंदाने कधी आणि जळून कधी. ‘शाना हायेस’ हे कौतुक कधी आणि शिवी कधी. आठवत नसलं की मी बहिणीला फोन करायचे. ती भाकऱ्या थापता थापता सांगायची आणि हसायची.

त्या वहीत मी आईचा एक शब्दही लिहिला. तो गावाचा नव्हता, आमच्या घरचाच होता. आई एकदा नगरला जाताना गर्दीच्या बसमध्ये चढली तर एका सीटवर नुसती पिशवी ठेवलेली. कुणासाठी तरी जागा धरलेली. आई तासभर उभी राहिली. शेवटपर्यंत त्या जागेवर कुणी आलंच नाही आणि पिशवी तेवढी बसून गेली. त्या दिवसापासून कुणी बिनकामाचं मध्ये बसून राहिलं की आई म्हणायची, “उठ गं, येष्टीतले पिशवे.” माझ्या धाकट्या बहिणीला, मला, एकदा तर आमच्या आत्याला तोंडावर. मी तो शब्द लिहिला आणि समोर अर्थ लिहिला: आयतोबा, जागा अडवून बसणारी बाई, सौम्य शिवी. लिहिताना मला हसू येत होतं.

मालकाने वहीची पानं स्कॅन केली. म्हणाला, “काकू, सोनं आहे हे.”

त्या सोन्याने मी आठवडाभर फुलून होते. हे लपवण्यात अर्थ नाही.

मग ती बाई आली. आली म्हणजे अहवालात आली. पठारावरच्या एका गावातली, दोन गायी असलेली. तिच्या रीलमध्ये सुरुवातीला तिचा चेहरा दिसायचा नाही. गायीचं तोंड दिसायचं आणि मागून हिचा आवाज. ती गायीशी बोलायची. एका रीलमध्ये म्हणत होती, “बये, तू पेंड खाती का नुसती हवा? न्हाई, शेजारच्या डेअरीत तुझं फॅट लागतंय आन आमच्या सायबांच्या मशिनीत लागत न्हाई. मशीन इमानदार हाय गं. तूच लबाड. उद्यापासून तूच जाऊन हुबी ऱ्हा मशिनीपुढं, सांग त्यांला, सायब, तुमचं लई खरं हाय.”

गाय कान हलवायची आणि रील संपायची.

“मशीन इमानदार”, “सायब, तुमचं लई खरं”. यंत्राने तिला सलग तीन आठवडे हिरवं केलं होतं. शेरा होता: ‘दूध उत्पादक समाधानी’. कंपनीची माणसं तो अहवाल वाचून खूश होत असणार. मी ती रील पाहिली आणि इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. दोनदा पाहिली. मग डोळे पुसले, माऊस हातात घेतला आणि हिरव्याचं लाल केलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं: उपरोध, कंपनीच्या फॅट मशीनवर टीका.

स्क्रीनवर प्रश्न आला. ‘या खात्यावरील जुन्या नोंदी पुन्हा तपासू का?’ खाली दोन बटणं. मी ‘हो’ दाबलं.

दुपारी जेवून आले तर तिच्यावर आख्खं पान तयार होतं. तिचं गाव, ती कोणत्या केंद्रावर दूध घालते, धार झाल्यावर किती वाजता रील टाकते, तिला कोण कोण कॉमेंट करतं, त्यातला दीर कोणता, मावसभाऊ कोणता. एका रीलमध्ये मागे तिची मुलगी युनिफॉर्मवर दिसली होती. त्यावरून शाळा. शेवटी लिहिलं होतं: ‘प्रभाव वाढता. लवकर प्रतिसादाची शिफारस.’

मी मालकाकडे गेले. “अहो, पोरीची शाळा कशाला हवी यात?”

“काकू, सगळं तिनेच टाकलंय की. आपण फक्त एका जागी आणलं.”

मला ते पटलं नव्हतं. पण चहा आला होता, मी चहा घेतला आणि जागेवर जाऊन बसले.

चार-पाच दिवसांनी सकाळी अहवाल उघडला तर तिच्या नव्या रीलखाली कॉमेंटचा ढीग होता. सगळ्या आमच्या बोलीत. “तुझ्या गायीपक्षी तूच जास्त चरतीस.” “नवऱ्याला इचारून बोलती का गं?” “असल्या बायांमुळं गावाचं दूध नासतंय.” आणखी पुष्कळ होत्या, त्या मी इथे लिहिणार नाही. आधी वाटलं, गावातलेच असतील, कुणाचं तरी जुनं भांडण असेल. वाचत वाचत खाली आले.

“गप बस की, येष्टीतले पिशवे.”

मी ते परत वाचलं. तोंडाला आंबट पाणी सुटलं. उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले, पण ओकारी येईना. ती आली असती तर बरं झालं असतं. परत येऊन पुढचं वाचलं. वहीतले आणखी शब्द सापडले. बहिणीने भाकऱ्या थापताना सांगितलेले. आईने आत्याला हसत म्हटलेले. खात्यांना नावं होती, फोटो होते, कुणी फेटेवाला, कुणी कॉलेजची मुलगी.

मालक वेफर्स खात बसला होता. मी विचारलं, “हे कोण लिहितंय?”

“कोण नाही काकू. प्रतिसादाचा एजंट वेगळा आहे. क्लायंटने मागच्या महिन्यात घेतला तो.”

“माझ्या आईचा शब्द आहे हा. आमच्या घराबाहेर कुणाला माहीत नाही.”

त्याचा चेहरा खरोखर खुलला. “म्हणूनच तर ओरिजिनल वाटतंय! आधी किती कागदी लिहायचा तो. तुम्ही बघितलंय ना?” वेफर्सची पिशवी त्याने माझ्यापुढे केली.

तो मुलगा वाईट होता असं मला आजही म्हणता येत नाही. ऑफिसात गणपती बसवायचा, माझा नवरा आजारी होता तेव्हा स्वतःच्या गाडीतून त्याला दवाखान्यात नेलं होतं. त्या क्षणी मात्र त्याच्या बोटांना लागलेल्या तेलाची, त्या बोटांनी पुसलेल्या स्क्रीनची, सगळ्याची मला शिसारी आली.

“काढून टाका तो शब्द. सगळीच वही काढून टाका.”

“वहीची फाईल डिलीट करतो. पण त्याने काय होणार? ते आता शिकलंय काकू.”

कुणाला वाटेल की मी तेव्हाच पर्स उचलून बाहेर पडले. नाही पडले. सहापर्यंत बसले. त्या दिवशीच्या उरलेल्या नोंदी तपासल्या, आमच्याच यंत्राने लिहिलेल्या शिव्यांना आमच्याच दुसऱ्या यंत्राने लाल केलेलं होतं, ते बरोबर आहे म्हणून टिक केलं. स्वतःची किळस यायला लागली ती तिथून.

घरी जाऊन मी माझ्या खात्यावरून, माझ्या खऱ्या नावाने, तिच्या रीलखाली लिहिलं: “या बाई खरं बोलत आहेत. वरच्या शिव्या माणसांनी लिहिलेल्या नाहीत.” मिनिटभरात तीन उत्तरं आली. एक होतं, “म्हातारे, तुला कोन इचारलं? जा, नातवंडं संबाळ.” मला नातवंडं नाहीत. पण ‘कोन’, ‘इचारलं’, ‘संबाळ’, सगळं जागच्या जागी होतं. एक चूक काढता येत नव्हती. मी शिकवलं होतं तसंच्या तसं.

पुढच्या आठवड्यात रजा टाकून मी पठारावरच्या त्या गावाला गेले. पत्ता शोधावा लागला नाही, अहवालात होताच. बसथांब्यापासून चालत गेले. गोठा घराला लागूनच होता. ती मक्याची वैरण कुट्टीच्या मशीनला लावत होती. वय अठ्ठावीस-तीस, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. ओट्यावर सासरे बसले होते. मी संगमनेरहून आले, दूध कंपनीसाठी काम करणाऱ्या ऑफिसातून, एवढं सांगितलं तोच तिने मशीन बंद केलं.

“घ्याया लागताय का मग आमचं दूध?”

मला काही कळेना. ओट्यावरून सासरे म्हणाले, “आठ दिस झाले, केंद्रावर न्हेलं की म्हनत्यात डिग्री लागत न्हाई, दूध पातळ हाय. त्याच गायी, तीच वैरण.”

“मी कंपनीची नाही,” मी म्हणाले आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. एजंट काय ते समजावताना माझी जीभ अडखळत होती. वहीचं सांगितलं. तिच्यावरचं पान, शाळेची ओळ, ‘हो’चं बटण. वैरणीची पेंढी हातात तशीच.

सगळं ऐकून तिने पहिलं काय विचारलं असेल?

“त्ये येष्टीतली पिशवी म्हंजी काय वो? आमी लई डोकं लावलं. कायच कळ्ळं न्हाई.”

मग मला त्या अंगणात, तिच्या सासऱ्यांच्या देखत, माझी आई, नगरची बस आणि ती पिशवी हे सगळं सांगावं लागलं. सांगताना वाटलं, आईला इथे रस्त्यात आणून उभं केलंय. सासरे जरासे हसले. ती हसली नाही.

“शिव्यांचं मला काय न्हाई,” ती म्हणाली. “बाजारात याच्यापक्षी ऐकून घेतो आमी. पर आमच्या ह्यांनी वाचल्या. भावकीत कुनी तरी दावल्या. फोन काढून घेतला माझा. आता पोरीच्या बाईंचा मेसेज आला तरी ह्यांच्याच फोनवर.”

मी मालकिणीसारखी म्हणाले, की मी तुमच्या मिस्टरांशी बोलते.

“नगा. तुमी आनकी बोलू नगा.” मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “मला यवढंच इचारायचं हाय. त्यो गायीचा व्हिडिओ तुमी बघितला तवा हसला हुता का?”

“हो. खूप हसले.”

“हसला, आन मग लाल केलं?”

तिने कुट्टीचं बटण दाबलं, मशीनचा आवाज सुरू झाला आणि ती वैरण आत सारू लागली. आमच्या भागात परक्या माणसालाही चहाशिवाय कुणी जाऊ देत नाही. तिने विचारला नाही. सासऱ्यांनी एकदा घराच्या दाराकडे पाहिलं, पण उठले नाहीत. मी फाट्यापर्यंत चालत आले.

दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. मालकाने वाद घातला नाही. वही मागितली तर कपाटातून काढून दिली, वर प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं होतं त्याने. जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, “काकू, राग मानू नका. तुमच्यासारखं काम कुणी केलं नाही.”

जुन्या ओळखीतल्या एका बातमीदाराला मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, कागद काय आहे? कागद काहीच नव्हता. अहवाल ऑफिसबाहेर नेता येत नसत. शिव्या लिहिणारी खाती दोन दिवसांत नाहीशी झाली होती. आणि डिग्री न लागल्याची पावती तर कंपनीकडे होतीच, रोजची, तारीखवार.

नंतर मी त्या बाजूला एका लग्नाला गेले होते. त्या गावच्या फाट्यावर बस थांबली तेव्हा ती रस्त्याच्या कडेला उभी दिसली, पायाशी दोन किटल्या. दुसऱ्या कुठल्या तरी डेअरीची गाडी हायवेवरून जाते, तिला दूध द्यायला घरापासून एवढं लांब यावं लागत असणार. तिने मला खिडकीत पाहिलं. ओळखलं. आणि मान वळवून गाडी येणार त्या दिशेला पाहत राहिली. तिचं खातं मी नंतर शोधलं. ते नव्हतं.

आता मी लग्नपत्रिका, शाळांची स्मरणिका असं काहीबाही तपासते. बहिणीशी फोनवर पूर्वीसारखी बोलत नाही. ती एखादा शब्द बोलली की माझ्या मनात आधी त्याचा रकाना उघडतो, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, आणि मी फोन ठेवते. तिला वाटतं, मी कशावरून तरी रुसलेय.

मागच्या महिन्यात त्या मालकाचा मेसेज आला. दोन हात जोडलेले आणि खाली: “काकू, धुळे-जळगावकडचं नवीन काम आलंय. अहिराणी चांगली येणारं कुणी आहे का ओळखीचं?” मी उत्तर दिलं नाही. पण आमच्या दैनिकात माझ्याशेजारच्या टेबलावर धुळ्याकडचे एक गृहस्थ बसायचे, माझ्याबरोबरच घरी बसलेले. तिसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. कुणीतरी दुसऱ्याने त्यांचं नाव दिलं होतं.

“वहिनी, तुम्ही तिथे होतात ना? कसं आहे काम?”

मी त्यांना सगळं सांगितलं. ती बाई, गाय, बटण, आईचा शब्द, काहीही वगळलं नाही. मी अर्धा तास बोलत होते. ते अधूनमधून फक्त “अरेरे” म्हणत होते आणि ते खरं वाटत होतं.

माझं सांगून संपलं. मग त्यांनी विचारलं, “वही ते देतात, की आपली आपण न्यायची?”